राष्ट्रगीत चालू असताना मी काय केलं

अमेरिकेत पिस्कॅटवेला आमचं बिऱ्हाड होतं तेव्हाची गोष्ट. मी एका विमा कंपनीत कामाला होतो. कंपनीची जुनीपुराणी सिस्टीम नव्यावर न्यायचं प्रोजेक्ट होतं, आणि ती जुनी सिस्टीम आतून-बाहेरून ठाऊक असलेला एकच माणूस ऑफिसात उरला होता. साठीला टेकलेले, उंच, काळे, केस पार पिकलेले. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारायचो. पण मनातल्या मनात मी त्यांना कायम अहो-जाहोच केलं. घरचं वळण, जात नाही.

पहिले काही महिने मी त्यांच्याकडून दिवसभर सिस्टीम शिकलो आणि जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल. इथलं फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू बगलेत मारून धावायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. मला ती नुसती झोंबाझोंबी वाटायची. त्यांनी टेबलावर एका बाजूला केचपच्या पुड्या, दुसऱ्या बाजूला मोहरीच्या पुड्या मांडल्या आणि रोज एकेक चाल समजावली. "चार संधी, दहा यार्ड. एवढं लक्षात ठेव, बाकीचं डोळ्यांना आपोआप दिसायला लागेल." बदल्यात माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांच्या सँडविचवर जायची. तिखट लागली की ते डोळे मिटून मान हलवायचे आणि पुन्हा चमचा पुढे करायचे. अमेरिकेत येऊन मला सहा वर्षं झाली होती, आणि बायको-मुलीखेरीज रोज ज्याची वाट पाहावी असा हा एकच माणूस मला मिळाला होता.

त्या मोसमात सगळीकडे एकच विषय होता. सामन्याआधी राष्ट्रगीत लागलं की काही खेळाडू उभं न राहता एक गुडघा टेकून बसायचे. काळ्या माणसांना पोलिसांकडून जे भोगावं लागतं त्याचा हा निषेध, असं ते सांगत. बघणारे भडकायचे. टीव्हीवर तेच, ऑफिसात तेच, आमच्या मराठी मंडळींतही तेच. जवळच्या आयसेलिन गावात एका वाढदिवसाच्या जेवणात एक डॉक्टर काका म्हणाले, "या देशाने एवढं दिलं, दोन मिनिटं उभं राहायला काय होतं यांना?" टेबलावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. शाळेत राष्ट्रगीताला नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, हे आमच्या अंगात सातवीपर्यंत पुरतं मुरलेलं होतं. त्यापलीकडे मी काही विचार केला नव्हता.

ऑक्टोबरात एका शुक्रवारी त्यांनी विचारलं, "रविवारी काय करतोयस? माझ्या मुलाला जमत नाहीये. एक सीट रिकामी आहे."

ते आणि त्यांचा मुलगा गेली कित्येक वर्षं त्याच दोन सीटवर बसून सामने बघत. मुलाच्या सीटवर ते मला बसवत होते. मी शनिवारी जाऊन संघाच्या रंगाची टोपी विकत घेतली.

रविवारी सकाळी ते मला न्यायला आले. रस्त्यात मीच विषय काढला. म्हटलं, "गुडघा टेकतात त्यांच्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "मी सहा वर्षं सैन्यात होतो. ट्रक दुरुस्त करायचो. मी स्वतः उभा राहतो, टोपी काढतो. सवय आहे, आणि मला आवडतं. पण माझ्या मुलाला गाडी शिकवायला घेतली ना, तेव्हा पहिला धडा ब्रेकचा नव्हता. पोलिसाने थांबवलं तर हात कुठे ठेवायचे, हा होता. पार्किंग लॉटमध्ये गाडी बंद ठेवून मी त्याच्याकडून वीस-वीस वेळा करून घेतलं. हात वर, स्टिअरिंगवर, बोटं पसरून. ती पोरं गुडघा टेकतात ते त्यासाठी. माझ्या वतीने टेकतात म्हण."

मी "अच्छा" म्हणालो. पण मला सगळं नीट कळलं होतं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं असं मला म्हणता येणार नाही.

स्टेडियमच्या पार्किंगमध्ये जत्रा भरली होती. डिक्या उघडून लोक ग्रिलवर मांस भाजत होते, अनोळखी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. आमच्या मागच्या रांगेत एक जाडजूड, लालबुंद चेहऱ्याचा माणूस बायकोबरोबर बसला होता. माझी कोरी करकरीत टोपी बघून त्याने ओळखलंच. "पहिलाच सामना?" मी हो म्हणताच त्याने मला शेंगदाण्याची पुडी दिली, संघाची आरोळी शिकवली, ती दोनदा म्हणून घेतली. त्याची बायको हसत होती. मी हसत होतो. मला घेऊन आलेले ते काका—लिहिताना आज त्यांना काकाच म्हणतो—तेही हसले. मला वाटलं, सहा वर्षं मी या देशात ऑफिस आणि ग्रोसरीच्या दुकानांतच काढली. आज पहिल्यांदा खरा आत आलो.

मग सगळे उठून उभे राहिले. काकांनी टोपी काढून छातीशी धरली. मीही धरली. राष्ट्रगीत सुरू झालं आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या रांगेत तीन खेळाडू खाली गेले. एका गुडघ्यावर, मान खाली.

आधी वरच्या मजल्यावरून आवाज आला. मग तो उतरत उतरत आमच्यापर्यंत आला. इकडे 'बू' करतात. आपल्याकडे मैदानात हुर्यो उडवतात तसंच, फक्त जास्त खोल, घशातून काढलेलं. राष्ट्रगीताचा अपमान झाला म्हणून चिडलेली ती माणसं राष्ट्रगीत चालू असतानाच ओरडत होती, इतकी की गाणाऱ्या बाईंचा आवाज ऐकू येईना. मागचा माणूस दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होता.

आणि मीही ओरडलो.

कुणी मला सांगितलं नव्हतं. कुणी माझ्याकडे बघतही नव्हतं. तोंड उघडलं आणि आवाज निघाला, आणि पहिला निघाल्यावर मी श्वास घेऊन दुसरा काढला. काका माझ्यापासून वीतभर अंतरावर ताठ उभे होते. त्यांनी मान वळवली नाही.

गाणं संपलं. माझ्या खांद्यावर मागून हात पडला. "कुठला तू?"

"इंडिया."

"बघा!" तो आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "हा माणूस जगाच्या दुसऱ्या टोकाहून आला, त्याला कळतं. आणि ह्या कोट्यधीश पोरांना कळत नाही!" दोघं-तिघं हसले, एकाने अंगठा दाखवला. मी म्हणालो, "थँक यू."

मग त्याने काकांकडे बोट केलं. काका ओरडले नव्हते हे त्याने पाहिलं असावं. हसतच विचारलं, "हा तुझा मित्र आहे का? त्याला पण जरा शिकव की."

सैन्यात सहा वर्षं होते ते, आणि तुझ्याहून ताठ उभे होते, एवढं एक वाक्य मला म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "आम्ही एका ऑफिसात काम करतो, एवढंच."

ते इंग्रजीत फार छोटं वाक्य होतं.

काका खाली बसले. टोपी घातली. सामना सुरू झाला आणि त्यांनी मला पूर्वीसारखंच समजावून सांगायला सुरुवात केली. "आता तिसरी संधी आहे. सात यार्ड हवेत. बघ, फेकणार." आवाजात काही बदल नाही. मला त्या क्षणी ते उठून गेले असते तर बरं वाटलं असतं. मध्यंतरात ते दोन कॉफ्या घेऊन आले. माझ्या कॉफीत दूध-साखर, मला लागते तशी. मी ती धरून बसलो, गार झाली, मग सीटखाली ठेवली.

परतताना त्यांनी रेडिओ लावला. आमच्या अपार्टमेंटपाशी गाडी थांबल्यावर मी म्हणालो, "थँक्स फॉर द राइड." ते म्हणाले, "सी यू मंडे." मुलगी दार उघडून विचारायला लागली, कोण जिंकलं? मला ते आठवेना.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी नेहमीच्या टेबलावर बसलो. ते आले नाहीत. कामाचं बोलणं व्हायचं, अगदी सौजन्याने, एकही उत्तर त्यांनी कधी उशिरा दिलं नाही. पण जेवायला ते आपल्या डेस्कवरच थांबायला लागले. तीन आठवडे गेले. शेवटी एका संध्याकाळी मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं.

मी बोललो ते सगळं आठवतं. म्हणालो, मला त्या दिवसाबद्दल सॉरी म्हणायचंय. माझा व्हिसा रिन्यूअलला आहे, आम्हाला इथे फार जपून राहावं लागतं, कुणाच्या नजरेत येणं परवडत नाही. मी घाबरलो होतो.

त्यांनी गाडीचं दार उघडलं होतं ते पुन्हा लावलं. "एवढ्या हजारो लोकांत तुझा व्हिसा कोण तपासणार होतं?"

मी हातातली किल्ली खिशात टाकली.

"तू घाबरला असतास तर मी समजून घेतलं असतं. घाबरणं मला माहीत आहे. गप्प उभा राहिला असतास तर मला काहीही वाटलं नसतं. पण तू घाबरलेला नव्हतास. त्याने खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी तुझा चेहरा पाहिला. तुला बरं वाटत होतं."

एवढं बोलून ते गाडीत बसले. मी तिथेच उभा राहिलो. माझ्याकडे तयार केलेलं आणखी बरंच बोलणं होतं, ते सगळं एका वाक्याने निकामी झालं होतं. कारण ते खरं होतं. मला बरं वाटलं होतं. त्या लाल चेहऱ्याच्या माणसाने मला आपल्यात घेतलं होतं, आणि त्यासाठी दुसऱ्या कुणाला तरी बाहेर ठेवायचं असतं हे मला समजलं होतं, आणि मी ते केलं होतं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. केक कापला. सगळ्यांच्या सह्यांचं एक कार्ड फिरत होतं, ते माझ्यापाशी आलं तेव्हा मी पेन घेऊन बराच वेळ बसलो आणि 'बेस्ट विशेस' असं लिहून पुढे सरकवलं.

काही वर्षांनी एका उन्हाळ्यात पोलिसांच्या हातून एक काळा माणूस मेला आणि देशभर मोर्चे निघाले. तोवर आमचं ग्रीन कार्ड झालं होतं, स्वतःचं घर झालं होतं. मुलगी हायस्कूलमध्ये होती. तिने पुठ्ठ्यावर घोषणा रंगवून अंगणात पाटी रोवली. शेजारच्या गोऱ्या बाई मला थांबवून म्हणाल्या, तुमच्या घराचा अभिमान वाटतो. मी पुन्हा 'थँक यू' म्हणालो.

त्या आठवड्यात जेवताना मुलीने विचारलं, "बाबा, डिड यू एव्हर सी देम नील? म्हणजे गुडघा टेकताना, स्टेडियममध्ये, फॉर रिअल?"

"नाही," मी म्हणालो.

बायकोने ताटातून मान वर केली. मी सामन्याला गेलो होतो हे तिला माहीत होतं. तिथे काय झालं ते मी तिलाही सांगितलेलं नव्हतं, पण मी खोटं बोलतोय एवढं तिला लगेच कळलं. भांडी आवरताना फक्त म्हणाली, "तिला खोटं का सांगितलंस?"

मग मी दोघींना बसवून सगळं सांगितलं. काहीही न गाळता, ऑफिसचं वाक्यसुद्धा. संपल्यावर मुलीने विचारलं, "डिड यू से सॉरी?"

"म्हटलं होतं."

"फॉर व्हॉट, बाबा? व्हॉट डिड यू से एक्झॅक्टली?"

मी पार्किंगमधलं बोलणं सांगितलं. व्हिसाचं. ती माझ्याकडे बघत राहिली. "दॅट्स नॉट अ सॉरी," ती म्हणाली आणि वर निघून गेली. दोन दिवस ती माझ्याशी जेमतेम बोलली. मला रागवायचा हक्क नव्हता, आणि राग आलाही नाही.

मी काकांना पत्र लिहिलं. हाताने, चार वेळा फाडून. व्हिसा हा शब्द त्यात घातला नाही. मी ओरडलो, दोनदा ओरडलो, मागच्या माणसाने माझं कौतुक केलं ते मला आवडलं, आणि तुम्ही माझे मित्र असताना मी तुम्हाला ऑफिसातला माणूस म्हणालो, एवढंच लिहिलं. जुन्या सहकाऱ्याकडून पत्ता मिळवून पाठवलं.

पाच-सहा आठवडे काही नाही. मग एका शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. आवाज थोडा बारीक झाला होता, बाकी तोच. त्यांनी हवेबद्दल विचारलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणाले, जिने जमत नाहीत. मुलाला मुलगी झाली होती. माझी मुलगी कितवीत आहे ते विचारलं. मी सगळ्याची उत्तरं देत होतो आणि वाट बघत होतो. कशाची, ते मला फोनवरच उमगलं आणि कान तापले. त्यांनी 'जाऊ दे, विसर आता' म्हणावं, याची मी वाट बघत होतो.

"पत्र मिळालं," ते शेवटी म्हणाले. "दोनदा वाचलं."

पलीकडे कुणीतरी पाण्याचा नळ सोडला होता, तेवढा आवाज येत होता.

"बरं," ते म्हणाले. "टेक केअर ऑफ युवर फॅमिली."

फोन ठेवला. बायको दारात उभी होती. "काय म्हणाले?"

"पत्र मिळालं म्हणाले," मी सांगितलं.