गणपतीतलं गोरिल्याचं व्याख्यान

आमच्या ठाकूरद्वारच्या चाळीत गणपतीत रोज काहीतरी कार्यक्रम असायचाच, आणि त्या वर्षांत कार्यक्रम कुठलाही असो, त्याचा शेवट संयुक्त महाराष्ट्रावरच व्हायचा. मधुमेहावर बोलायला आलेल्या डॉक्टरांनीसुद्धा शेवटची पाच मिनिटं मुंबईला दिली होती आणि टाळ्या पडल्या त्या तेवढ्यालाच. त्यामुळे ‘आफ्रिकेतील गोरिला’ असा माझा विषय फळ्यावर लागला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

मी नुकताच युगांडाहून परतलो होतो. ताईचे यजमान तिथे रेल्वेत कारकून होते. त्यांनी बोटीचं तिकीट पाठवलं आणि मी कचेरीतून बिनपगारी रजा काढली. माझ्या वयाची मुलं तेव्हा सत्याग्रहाच्या तुकड्यांत नावं देत होती. ती निघाली की अख्खी चाळ त्यांना ओवाळायला जिन्यात उभी राहायची. मला आईने ओवाळलं ते दार लावून. लाज वाटत होती, पण मी गेलोच.

मेहुण्यांना जंगलाची भारी हौस. डोंगराच्या पायथ्याशी आम्ही तीन दिवस मुक्काम केला. पहिल्या दिवशी माकडंच माकडं दिसली. काळी-पांढरी, शेपटीला गोंडा असलेली, अंगावर शाल पांघरून झाडावर बसल्यासारखी. दुसऱ्या दिवशी गोरिल्याच्या मागावर निघालो. पन्नाशीचा एक वाटाड्या बरोबर होता. मेहुण्यांमार्फत त्याने मला पुन्हा पुन्हा बजावलं, की गोरिला अंगावर आला तर पळायचं नाही, खाली बसायचं, त्याच्याकडे बघायचं नाही. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी हसलो. मी काय लहान होतो?

वाटाड्या मोडलेले बांबू बघत पुढे चालला होता. गोरिले पाल्याचा ढीग करून त्यावर झोपतात. तसे ढीग सापडले की तो खाली बसून त्यात हात घालायचा आणि ऊब किती उरली आहे ते बघायचा. बारा वाजायच्या सुमाराला त्याने हात वर करून आम्हाला थांबवलं. समोर एक मादी पिल्लाला मांडीवर घेऊन त्याचं डोकं चाचपत होती, अगदी आमच्या चाळीतल्या बायका दुपारी उवा बघत बसतात तशी. मला हसू आलं. तेवढ्यात बाजूच्या झाडीतून मोठा नर ओरडत बाहेर आला.

मी पळालो. ठरवून नाही, विचार करून नाही, नुसता पळालो. वाटाड्या जागच्या जागी बसला असता तर त्याला काही झालं नसतं. पण त्या जनावराकडे पाठ करून तो माझ्या मागे धावला, मला खाली पाडलं आणि माझ्यावर आडवा पडला. गोरिल्याने त्याच्या खांद्याला मागून एकदाच चावा घेतला आणि तो निघून गेला. उठल्यावर त्या माणसाने आधी माझ्या डोक्यावरून, पाठीवरून हात फिरवून मला कुठे लागलंय का ते पाहिलं. त्याच्या सदऱ्यातून रक्त गळत होतं. त्याला मिशनच्या दवाखान्यात सोडून आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. त्याचा खांदा पुढे बरा झाला की नाही, हे मी कधी पत्रानेही विचारलं नाही.

आणि गणपतीसमोर उभा राहून मी काय सांगितलं? वाटाड्या पळाला आणि मी बसून राहिलो, असं सांगितलं. खरं सांगतो, घरून निघताना तसं ठरवलं नव्हतं. समोर तुरुंगातून सुटून आलेली मुलं बसली होती. बोलता बोलता ती जागा आली आणि माणसांची अदलाबदल होऊन गेली. एकदा झाल्यावर मी चेकाळलो. म्हणालो, “जो पाठ दाखवतो त्याचा घाव पाठीवरच बसतो. आपण मराठी माणसं पाठ दाखवणार नाही.” टाळ्यांनी मांडव दणाणला.

आभार मानायला समोरच्या खोलीतले काका उठले. ते छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे बोलायचे मोजकं आणि नेमकं. त्यांचा एकुलता मुलगा त्याच वर्षी गोळीबारात गेला होता. माझ्याच वर्गात होता. गोळी त्याला पाठीत लागली होती आणि त्यावरून चाळीत कुजबुज चालायची. हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी ते वाक्य बोलताना मला तो आठवला नाही. काकांनी माझे रीतसर आभार मानले आणि नारळ दिला.

माणसं गेल्यावर आम्ही दोघे सतरंजीची घडी घालत होतो.

“तो वाटाड्या,” काका म्हणाले, “त्याला मागूनच चावला ना?”

“हो. खांद्याला.”

“मी आपला मनाशी धरून बसलो होतो रे, की आमचा कुणाला तरी वाचवायला वळला असेल. कुणाच्या तरी आडवा पडला असेल. त्याचा स्वभावच तसा होता. पण तसं नसतं, होय ना? पळणाऱ्यालाच मागून लागतं. तू तर डोळ्यांनी बघून आलास.”

सतरंजीची दोन टोकं हातात धरून ते थांबले. ते मनाशी धरून बसले होते तसंच असतं, मी डोळ्यांनी तेच बघून आलो होतो. पळालो तो मी, आणि पाठीवर घाव झाला तो मला वाचवणाऱ्याच्या, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. मांडवात तिसरं माणूस नव्हतं. पण सकाळपर्यंत चाळभर होईल, आता टाळ्या वाजवून गेलेली मुलं हसतील, हे माझ्या मनात आधी आलं.

“सांगता येत नाही, काका,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि आपली टोकं माझ्या टोकांना जुळवली.

तोवर कुजबुज कानावर आली की काका न बोलता आत निघून जायचे. त्या गणपतीनंतर कुणी मुलाचा विषय काढला की ते स्वतःच म्हणायला लागले, “घाबरला असेल हो. वयच काय होतं त्याचं.” पुढे अकरा वर्षं, ते जाईपर्यंत, मी समोरच्या दारात उभा राहून हे ऐकलं.