अर्धाच पाहिलेला सिनेमा

आमच्या घरात एक सिनेमा सगळ्यांना पाठ होता, फक्त त्याचा शेवट सोडून. इंग्रजी सिनेमा, हिंदीत डब केलेला. भिंतीआडचं एक शहर. तिथली सगळी कामं यंत्रं करतात आणि ज्याच्या हाताला काम उरत नाही, त्याला भिंतीबाहेर काढतात. असाच काढलेला एक सैनिक परत आत घुसायला बघतो. मग मारामाऱ्या, उडत्या गाड्या, धूर. दर दोन-तीन महिन्यांनी रविवारी दुपारी तो टीव्हीवर लागायचाच.

शेवट न बघण्याचं कारण म्हणजे विहिरीवरची मोटर. नाशिकजवळ आमचा भाजीपाला आणि झेंडू, माल पंचवटीच्या बाजारात जायचा. शेताची थ्री-फेज वीज दुपारी यायची. ती आली की आबा, म्हणजे माझे वडील, सिनेमा टाकून विहिरीकडे पळायचे. अख्खी वस्ती एकदम मोटरी चालू करायची, व्होल्टेज बसायचं आणि सैनिक भिंतीवर चढता चढता टीव्ही बंद पडायचा. आबांच्या लेखी गोष्ट तिथेच संपली होती. माणसं बाहेर, यंत्रं आत.

असले सिनेमे हाणामारीमुळे टिकतात म्हणे. साफ चूक. हाणामारी दहा वर्षांत हास्यास्पद दिसायला लागते. त्या सिनेमातले रोबो तर आता धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांसारखे वाटतात. टिकते ती भीती, कारण जो तो तिच्यात आपली भर घालतो. आबांनी काय भर घातली होती, ते मला फार उशिरा कळलं.

मी नाशिकच्याच अंबड भागातल्या एका कारखान्यात ऑटोमेशनची पॅनल बसवते. गेल्या श्रावणात आबा विहिरीच्या उतारावर घसरून पडले, खुब्याला मार बसला. मी लगेच मोबाइलवर चालणारा स्टार्टर आणला. त्यात ज्याचा नंबर टाकलेला असेल त्याने फोन लावला की मोटर चालू, पुन्हा लावला की बंद. आबांनी खोकं उघडूच दिलं नाही.

"नाय बसवायचा," ते म्हणाले. "उद्या तो मोटर चालवल, मग मी काय करू? त्या पिच्चरवानी भिंतीबाहेर बसू?"

आणि काठी टेकत रोज उतार उतरत राहिले. पुन्हा पडले तर उठतील की नाही, या विचाराने माझं कामात लक्ष लागेना.

अशात तोच सिनेमा नाशिकच्या थिएटरात पुन्हा लागला. शेवट मी मागेच मोबाइलवर पाहून घेतला होता, आबांनी नाही. तो एकदा दाखवला की काम फत्ते, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

दुपारच्या खेळाला गेलो. कॉलेजची पोरं शिट्ट्या मारत होती, आबा दोन्ही हात काठीवर ठेवून ताठ बसले होते. शेवटी सैनिक यंत्रघरापर्यंत पोचतो. ते फोडत मात्र नाही. तिथली चावी हिसकावतो आणि भिंतीबाहेरच्या लोकांच्या हातात देतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी जिंकल्याच्या थाटात आबांकडे बघितलं.

बाहेर चहा घेताना ते म्हणाले, "म्हंजे मशीन फोडलंच नाय."

"नाहीच. मशीन वाईट नव्हतंच, आबा."

"ते हाय. पर चावी कोणाकडं गेली, ते बघ ना." त्यांनी कप खाली ठेवला. "तुझ्या त्या खोक्यात नंबर कोणाचा टाकलाय?"

माझा. आणतानाच दुकानात टाकून घेतला होता. कारखान्यातून मोटर मी चालवणार, आबा घरी आराम करणार, असं मी ठरवूनही टाकलं होतं. त्यांना विचारायचं मला सुचलंसुद्धा नव्हतं. एवढी शहाणी मी, आणि बापाला बाहेर काढायला निघाले होते मीच.

"माझा," मी म्हणाले. मला लाज वाटली, खूप वाटली.

आबा रागावले नाहीत. "मंग कसं व्हायचं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी स्टार्टर बसवला. त्यात एकच नंबर घातला, आबांचा. आता ते ओसरीवर बसून मोटर चालवतात. पाणी चालू केलं का, हे मला कळायला हवं असेल तर फोन करून विचारावं लागतं. कधी कधी ते उचलत नाहीत. कामात असतात.