सोमवारची चूल

मी पदर पसरला. रोजच्यासारखी वाकून, म्हणजे मालकीणबाईंना भाकर वरून टाकता यावी आणि माझा विटाळ होऊ नये. बाई भाकर घेऊन बाहेर आल्या, माझ्या पदरावरून तशाच पुढे गेल्या आणि ती भाकर त्यांनी गाईला घातली.

"आज सोमवार हाय," त्या म्हणाल्या. "देशाचा उपास. मालकानं सांगतलं, घरच्यायलेबी अन् मजुरायलेबी."

"मंग गाईले?" माझ्या तोंडून गेलं.

"जनावरायले कुठं देश असते वं? एक रात्र उपाशी राह्यलं तं मरता काय तुमी लोकं?"

गाय माझ्याकडे बघत निवांत चावत होती. मला तिचा राग आला. बाईंचा नाही, गाईचा. इतकी मी वाकलेली होते.

ही चिखलीजवळच्या उंद्रीतली गोष्ट. पाकिस्तानशी लढाई झाली त्या सालातली. पावसाने आधीच दगा दिलेला, त्यात लढाई. दुष्काळात तेरावा महिना. कंट्रोलच्या दुकानात अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, तीही दुकानदाराच्या मनात आलं तर. तिची भाकर थापता थापता हातातच फुटायची. रेडिओवर सांगणं आलं होतं की सोमवारी रात्री जेवू नका, वाचलेलं धान्य देशाच्या कामी येईल.

माझा नवरा काम शोधायला म्हणून गेला तो परत आला नाही. घरात मी आणि आंधळी सासू. मालकांच्या घरी मी गोठा झाडायची, शेण काढायची, गोवऱ्या थापायची. त्याची मजुरी म्हणजे संध्याकाळची भाकर. दोघींत अर्धी अर्धी. ती भीक नव्हती. पण पदर पसरून घेतलेल्या भाकरीला मजुरी कोण म्हणणार? मीसुद्धा म्हणत नव्हते.

त्या रात्री मी सासूला सांगितलं, "आत्याबाई, आज देशाचा उपास हाय." खरं सांगते, सांगताना मला थोडा अभिमान वाटला. देशाने कधी नव्हे ते आमच्याकडे काहीतरी मागितलं होतं.

"आपला तं रोजच सोमवार हाय," म्हातारी म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

मालकांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. सोमवारी संध्याकाळी गावात एकही चूल पेटायची नाही, असा त्यांनी हुकूमच काढला; गाव त्यांच्याच शब्दावर चालायचं. कोतवाल गल्लीगल्लीतून धूर बघत फिरायचा. धूर दिसला की पाणी ओतायला लावायचा. आमच्या वस्तीत तो जरा जास्तच रेंगाळायचा.

पुढच्या सोमवारी मी शेणाची पाटी घेऊन मागच्या बाजूने चालले होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आत रॉकेलचा स्टो भरभर करत होता. त्यावर भगर. बाजूला शेंगदाण्याची आमटी, वरून तूप. आमच्या वस्तीत दिव्यापुरतंही रॉकेल नव्हतं. आणि स्टोला धूर नसतो. कोतवालाला दिसणार काय? मी पाटी डोक्यावर घेऊन तिथेच उभी राहिले. पोटात आग पडली होती. ती नुसत्या भुकेची नव्हती.

थोड्या दिवसांनी उपासाबद्दल मालकांचा सत्कार करायला चिखलीहून एक सरकारी साहेब आले. देवळापुढे सभा भरली. पुढे सतरंजी, मागे आम्ही मातीत. मालकांच्या गळ्यात हार. माझ्या भाकरीवर त्यांचा हार. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच.

"माह्या घरची मजूर बाईसुद्धा आनंदानं उपास धरते, साहेब," मालक म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. "उठ वं. सांग साहेबाले."

मी उठले. सांगायचं काय ते मला ठाऊक होतं. 'हो मालक' एवढंच. तेवढं म्हटलं असतं तर मंगळवारची भाकर पक्की होती.

"म्या उपास नाही धरला, साहेब," मी म्हणाले. "माही मजुरीची भाकर बंद केली. ते गाय खाते. अन् मालकाच्या घरी सोमवारी स्टोवर भगर शिजते."

साहेब चष्मा पुसू लागले. मग मालक हसले.

"येडी हाय. नवऱ्यानं टाकलेली."

सगळे हसले. सतरंजीवरचे हसले, मातीतलेही हसले. माझ्या शेजारच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मालकांचं हसणं मी केव्हाच विसरले. त्या बायांचं अजून ऐकू येतं. परतताना त्यांनी वाट बदलली. मी एकटीच घरी आले.

काम गेलं. कामाबरोबर भाकर गेली. "काऊन बोलली वं?" सासू रडत विचारत राहिली. तिला काय सांगणार? दुसऱ्या दिवसापासून मी सडकेवर खडी फोडायला गेले. तिथेही कुणी माझ्याजवळ बसत नव्हतं.

पुढच्या सोमवारी दिवस मावळताना मी चूल पेटवली. मडक्यात पाणी आणि मूठभर मिलो. काड्या मुद्दाम ओल्या घातल्या. अख्ख्या गावात धूर तेवढा माझ्याच घरावर.

कोतवाल धावत आला. "इझव वं! मालक पाह्यतीन."

"पाहू दे. त्यायलेच दाखवाले केला."

तो पाण्याचा तांब्या शोधत होता. मी चुलीपुढे बसले आणि उठले नाही. मला ओढून उठवणं त्याच्या हातून झालं नाही; तो निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या दारात कुणी आलं नाही. म्हातारी आणि मी, दोघीच. जे मिळेल ते एकमेकींना टेकून खाल्लं.

सासू गेली त्याला खूप वर्षं झाली. आता माझ्या घरात गॅस आहे. तरी सोमवारी संध्याकाळी मी अंगणात चूल पेटवते, आणि काड्या ओल्याच घालते. शेजारी खोकतात, खोकू देत. देशासाठी पोट आवळ असं सांगायला जो कुणी माझ्या दारात येईल, त्याने आधी आपल्या स्वयंपाकघराचं दार उघडावं. त्याच्या चुलीवर काय शिजतंय ते मी डोळ्यांनी बघेन. तोवर माझी चूल विझणार नाही.