बनियनची फडकी

उकळत्या पाण्यात सुती कापड टाकल्याचा वास आला की मला नवापूरच्या आमच्या घराचं मागचं अंगण आठवतं. होणाऱ्या बाळाला पुसायला फडकी हवीत म्हणून मी नवी मलमल आणली होती, पण ओठांवर घासून पाहिली तर ती खरखरीत लागली. मग नवऱ्याची धुऊन धुऊन विरलेली बनियनं तळहाताएवढी कापली, कडा शिवल्या, उकळून उन्हात वाळवली आणि डब्यात भरली. बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही. महिन्याभराने शेजारणीला मुलगी झाली. बाजारातल्या वाइप्सनी पोरीचं अंग लाल झाल्याचं ऐकलं, तशी मी डबा घेऊन तिच्या दारात गेले. मला वाईट वाटत नव्हतं, बरंही वाटत नव्हतं. तिच्या सासूने दारातच अडवलं. "नको वं बाई, तुन्हा घरना कपडा आम्हना पोरले नको," ती हळूच म्हणाली. आतून शेजारीण आली. "दे इकडे. धुयेल शेतस ना?" धुतलेलीच होती, मी मान डोलावली. सासूसमोरच तिने एक फडकं कोमट पाण्यात पिळलं आणि पोरीचं तोंड पुसलं. पोर रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फडकी तिच्या दोरीवर असायची. आजही कोणाच्या दोरीवर लहान फडकी दिसली की मी जाता जाता एकाला हात लावते. ओलं, म्हणजे वापरातलं, लागलं की पुढे जाते.