चाकाखालचा दगड

गजाननला मरताना मी पाहिलं आहे.

आज पहाटे त्याचे वडील गेले. सुदामकाका, बोरी अरबचे. वय झालं होतं.

काकूंना फोनवर विचारलं, ती गोष्ट लिहू का?
"लिही बापा. आता कोनापासून लपवाचं हाये?"

म्हणून लिहितो.

कापसाची ती वाईट वर्षं. मी आणि गजानन दारव्ह्याला एकाच कॉलेजात. माझे वडील ऑफिसात नोकरीला, त्याच्या घरी कापूस. खरेदी केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग लागायची ती थेट हायवेवर. कधी कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर यायचा नाही, कधी आत जागा नसायची. लोक तिथेच राहायचे. गाडीखाली झोपायचे, रस्त्याकडेला चहा उकळायचे.

त्या रांगेत मी जितका हसलो, तितका पुढे कुठेच हसलो नाही.

कॉलेज सुटलं की आम्ही दोघं काकांच्या गाडीवर चढायचो. कमरेपर्यंत कापसात रुतून बसायचो. नाकात सरकीचा वास.

काका खालून ओरडायचे, "उतरा बे! कापूस हाये तो, गादी नोहे."
गजानन वरूनच म्हणायचा, "बाबा, भाव तं गादीचाई नाई भेटून राह्यला. झोपू तरी द्या."

बैल सोडले की गाडी सरकू नये म्हणून चाकाखाली दगड लावतात. बाकीचे लोक रस्त्याकडेचा एखादा दगड उचलायचे. काकांनी मात्र घरून आणला होता. फुटक्या जात्याचा अर्धा तुकडा, वर छिन्नीने टाकी लावल्याच्या खुणा.

मागची गाडी शेवंतामावशींची. नवरा नव्हता, गाडी स्वतः हाकायच्या. त्यांना तो दगड म्हणजे रोजची करमणूक.
"सुदामभाऊ, जातं आनलं, आता वहिनीलेई आना. केंद्र उघडेपर्यंत दळन तरी व्हईन."
"तूच दळ ना शेवंते. तोंड तं तुह्यं चालूच हाये."

रांग सरकली की मात्र हसणं बंद. बैल जुंपा, गाडी पुढे घ्या, नाहीतर मधे कोणीतरी घुसतो. त्या घाईत दगड मागे राहायचे. डांबरावर, चाक होतं तिथेच.

त्या दुपारी गेट उघडलं आणि रांग भराभर पुढे गेली. आमच्या जागेवर रस्ता मोकळा झाला. मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. शेवंतामावशी राहिलेली घागर न्यायला परत आल्या होत्या.

गजानन बोरीहून काकांचा डबा घेऊन मोटारसायकलवर आला. नेहमीच्या जागी बैलगाडी दिसेना. मान उंच करून तो पुढच्या गाड्यांमध्ये बाप शोधू लागला.

रस्ता त्याने पाहिला नाही.

पुढचं चाक दगडावर गेलं. मोटारसायकल आडवी झाली. तो डोक्यावर पडला.

फार मोठा आवाज झाला नाही. टपरीवरचा रेडिओ चालू होता, तो चालूच राहिला.

मी पोचलो तेव्हा तो माझ्याकडे पाहत होता. ओळखलं की नाही, माहीत नाही. थोड्या वेळाने ते पाहणं थांबलं.

मग मला दगड दिसला. टाकीच्या खुणा असलेला.
शेवंतामावशींनाही दिसला.

त्यांनी तो उचलला, पोटाशी धरला आणि रस्त्याखालच्या नाल्यात नेऊन टाकला. येताना दुसरा एक काळा दगड आणला आणि त्याच जागी ठेवला.

"सुदामभाऊले समजलं तं तोई जाईन," एवढंच म्हणाल्या.

काका पुढून पळत आले. अनवाणी. मुलाचं डोकं मांडीवर घेतलं. मागोमाग रांगेतले लोक. बऱ्याच वेळाने काकांनी विचारलं,
"दगड कोनाचा व्हता?"

"डंपरमधून पडला भाऊ," शेवंतामावशी म्हणाल्या. "म्या माह्या डोयानं पायला."
"हाव, आताच गेला डंपर," मागून कोणीतरी बोललं.
"जोरात व्हता लेकाचा."

ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं, तेही सांगत होते.
मीही म्हणालो, "हो काका. डंपरच होता."

काकांनी मान डोलावली.

त्यानंतर मी बोरीला जात राहिलो. काकांनी कापूस कमी केला, सोयाबीन लावलं. माझी नोकरी, लग्न, मुलं. काका गजाननबद्दल खूप बोलायचे, हसायचेही. मी जपून बोलायचो. त्या दुपारचा विषय जवळ आला की पिकापाण्याचं काढायचो. माझ्याच तोंडून एक दिवस निसटेल अशी भीती वाटायची.

मागच्या दिवाळीत गेलो. काका बाजेवर पडून होते. बोलता बोलता म्हणाले,
"प्रशांत, तो दगड माहाच व्हता."

मी सोयाबीनचं काढलं. त्यांनी हातानेच थांबवलं.

"बैल जुपतानाच ध्यानात आलतं, दगड मांगं राह्यला. म्हटलं, गाडी पुढं लागली का येतो उचलाले."

"काका, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत…"

"काय बोलू? शेवंता रडूनई राह्यली व्हती अन् खोटंई बोलून राह्यली व्हती. पाय पुरे नाल्याच्या चिखलानं भरले तिचे. अन् बाकीचे? आपापला नंबर सोडून आल्ते बे सारे. नंबर सोडून!"

दम लागला. पाणी प्यायले.

"एवढे लोकं माह्यासाठी खोटं बोलून राह्यले, अन् मी नाई म्हनू? त्याइले कसं वाटलं असतं?"

काकूंनी चहा आणला. आम्ही चहा प्यायलो.

दुपारी अडाण नदीच्या काठी अंत्यविधी आहे. मी निघालोय. रांगेतलं कोणी हे वाचत असेल, तर या.

काका, शेवटचा नमस्कार.