घड्याळाविरुद्ध फिलेमोन

नागारोते गावात फिलेमोन ऊर्तेचोइतका सावकाश माणूस दुसरा नव्हता, आणि त्याला त्याची लाज तर नव्हतीच, उलट अभिमान होता. त्याच्याकडे चप्पल शिवायला टाकली की गिऱ्हाइकाला अनवाणी चालायची सवय होईपर्यंत ती परत मिळत नसे. तरुणपणी तो गावच्या बेसबॉल संघाचा पिचर होता, तेव्हाची तर तऱ्हाच वेगळी. चेंडू हातात आला की स्वारी आधी टोपी काढायची, टोपीच्या आत डोकावून बघायची, मग ती पुन्हा डोक्यावर ठेवायची. मग चेंडू तळव्यात घोळवायचा. मग लांबवरच्या मोमोतोंबो ज्वालामुखीकडे बघायचं, जणू तिथून काही निरोप येणार आहे. समोरचा फलंदाज आधी चिडायचा, मग घामाने भिजायचा, आणि शेवटी चेंडू सुटण्याआधीच बॅट फिरवून मोकळा व्हायचा. प्रेक्षकांतला एखादा कोपऱ्यावर जाऊन, मक्याच्या पोळीतला, चीजवर साय-कांदा घातलेला केसियो चापून परत यायचा, तरी त्याचा एक चेंडूही चुकलेला नसायचा.

त्याचा कॅचर होता आब्सालोन, त्याचा जिवाभावाचा दोस्त. बिचारा गुडघे मोडून बसायचा आणि ओरडायचा, "टाक ना रे बाबा! म्हातारा झालो इथे बसून!"

म्हातारा मात्र तो झालाच नाही. एका सकाळी भट्टीपुढे पीठ मळता मळता छातीत कळ आली आणि गेला. मागे राहिल्या त्याच्या पत्नी दोन्या मेल्बा, मक्याच्या खुसखुशीत रोस्किया भाजायची ती भट्टी, आणि स्टेडियमात सावलीच्या बाजूची, फिलेमोनच्या शेजारची, आब्सालोनची बसायची जागा. काही महिन्यांनी एका रविवारी दोन्या मेल्बा काळी छत्री घेऊन आल्या, त्या जागेवर रुमाल अंथरला आणि बसल्या. तेव्हापासून फिलेमोनचं सामन्यात लक्ष राहिलं नाही. कोण जिंकलं हे त्याला सोमवारी लेओनिदास न्हाव्याच्या दुकानात कळायचं, आणि तिथे मात्र तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा भांडायचा.

पहिलं वर्ष सुतकाचं, म्हणून तो काही बोलला नाही. दुसऱ्या वर्षी त्याने "आज ऊन आहे" असं म्हणून पाहिलं. त्यानंतरच्या मोसमात प्रकरण भाजलेल्या शेंगदाण्यांपर्यंत पोचलं. पुडी तो पुढे करायचा, त्या चार दाणे घ्यायच्या. लग्नाबिग्नाचं राहू द्या, त्याला फक्त एवढंच विचारायचं होतं की तुमच्याबरोबर थोडं चालत येऊ का. आठवडाभर ते शक्य नव्हतं, कारण भट्टीच्या गल्ल्यावर आब्सालोनची बहीण पहाऱ्याला बसायची आणि पुरुष गिऱ्हाइकाकडे रोस्किया अशा सरकवायची की माणसाची दुसऱ्यांदा यायची हिंमत होऊ नये. रविवारी सामना संपला की साडेपाचला स्टेडियमच्या दारात तिचाच पोरगा यादेर मोटारसायकल घेऊन हजर. घर तीन गल्ल्या पलीकडे, तरी मोटारसायकल! मामी मागे बसली की तो असा धूर सोडायचा की फिलेमोनला नीट "येतो" म्हणायचीही सोय उरायची नाही.

म्हणजे काय, तर फिलेमोनकडे होता फक्त सामना. दोनपासून साडेपाचपर्यंत. दर रविवारी तो ठरवायचा, सातव्या डावात विचारायचं. सातव्यात वाटायचं, आठव्यात बरं. नवव्यात, म्हणजे शेवटच्या डावात, लोक आरडाओरडा करायचे, तेव्हा असलं काही विचारणं शोभलं नसतं.

आणि अशात घड्याळाचं खूळ आलं.

अमेरिकेतल्या मोठ्या सामन्यांत ते आधीच आलं होतं. बेस रिकामे असतील तर पिचरने पंधरा सेकंदांत चेंडू फेकायचा, नाही फेकला तर तो चेंडू वाईट, म्हणजे 'बॉल' धरायचा; असे चार झाले की फलंदाजाला पहिला बेस फुकट. आता आमच्या विभागातल्या लीगलाही तीच हौस आली. मात्र लोकांच्या शिव्या आपल्या अंगावर नकोत, म्हणून त्यांनी शहाणपणा केला: आपापल्या मैदानावर घड्याळ हवं की नको, हे प्रत्येक गावच्या रसिक मंडळानेच ठरवावं. आमचं मंडळ भरतं लेओनिदासच्या दुकानात. शनिवारी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्चीत एक माणूस अर्धी दाढी करून बसला होता, आणि वाद संपेपर्यंत त्याची दुसरी बाजू तशीच राहिली.

"मी घड्याळाच्या बाजूने," लेओनिदास वस्तरा हवेत नाचवत म्हणाला. "गेल्या महिन्यात एक जण माझ्याकडून गुळगुळीत दाढी करून सामन्याला गेला. सामना संपवून आला तेव्हा पुन्हा करावी लागली!"

"तो तुझ्या वस्तऱ्याचा दोष," फिलेमोन म्हणाला.

हशा पिकला. पण बसवाला रॉहेर हसला नाही. "मला शेवटची फेरी असते. सामना लांबला की लोक येत नाहीत, मी रिकामी गाडी घेऊन जातो. घड्याळ पाहिजेच."

"घड्याळ पाहिजे तर फुटबॉल बघा!" फिलेमोन उभा राहिला. उभं राहायलाही त्याला वेळ लागला, त्यामुळे सगळे गप्प झाले. "जगात हा एकच खेळ असा आहे ज्याला घड्याळ नाही. शेवटचा गडी बाद होईपर्यंत कोणी हरत नाही. आणि हे म्हणतात घाई करा! कसली घाई? लेओनिदास, तुला लवकर घरी जाऊन काय करायचंय? तू लवकर आलास म्हणून तुझी बायको खूश झाल्याचं गावात कोणी ऐकलंय का?"

"माझ्या बायकोला मध्ये आणू नकोस!"

"बरं, तिला घरीच राहू दे. दुसरा नियम ऐका. पहिल्या बेसवरून दुसरा चोरायला टपलेला गडी असतो ना, त्याला दचकवायला पिचरने त्या बेसकडे दोनदाच चेंडू टाकायचा. तिसऱ्यांदा टाकला आणि तो बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस बक्षीस! म्हणजे चोराला आधीच सांगायचं, बाबा रे, दोनदा दरडावीन, मग तुझं तू बघ!"

"तू पिचर असतास तर चोर चोरी करून, जेवून, झोपून उठला असता," रॉहेर म्हणाला.

"उद्या पाद्रीबाबांच्या प्रवचनालाही घड्याळ लावा!" फिलेमोन कडाडला.

"लावायचंच आहे," लेओनिदास म्हणाला, "फक्त त्यांना सांगायला कोणी तयार नाही."

फिलेमोन घसा कोरडा पडेपर्यंत बोलला. परंपरा म्हणाला, पूर्वज म्हणाला, खेळाची अब्रू म्हणाला. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सामना तासाभराने आखूड झाला तर दोन्या मेल्बांच्या शेजारचा आपला तासही जाईल, हे तो जन्मात बोलला नसता. हात वर झाले, मोजले, तर दोन्ही बाजू सारख्या. लेओनिदासने पुन्हा मोजले, तरी सारख्या.

तेव्हा सगळ्यांच्या नजरा दाराकडे वळल्या. तिथे दोन्या मेल्बा मांडीवर रोस्कियांचं ताट घेऊन बसल्या होत्या. आब्सालोनच्या जागी मंडळात त्यांचं नाव होतं, पण आजवर त्यांनी हात वर केला नव्हता. फिलेमोन मनातल्या मनात निश्चिंत झाला. इतकी वर्षं शेजारी बसलेलं माणूस आपल्याविरुद्ध कशाला जाईल?

दोन्या मेल्बांनी एप्रनवरचा चुरा झटकला आणि म्हणाल्या, "लावा घड्याळ."

"काय?" फिलेमोन म्हणाला.

"लावा म्हणते. चेंडू हातात घेतला की माणसाने तो फेकावा."

लेओनिदासच्या बाजूने जल्लोष झाला. फिलेमोन टोपी घेऊन बाहेर पडला. त्याला वाटलं, संपलं. कंटाळली बाई. माझ्या शेंगदाण्यांना कंटाळली, उन्हाबद्दलच्या बोलण्याला कंटाळली, आणि चारचौघांत सांगून मोकळी झाली. त्याला इतकं वाईट वाटलं की त्या आठवड्यात त्याने साचलेल्या सगळ्या चपला आणि बेसबॉलचे ग्लव्ह भराभर शिवून टाकले. लोक माल घ्यायला आले आणि तयार माल बघून घाबरले. एकीने तर घरी जाऊन सांगितलं, डॉन फिलेमोनला बहुतेक काहीतरी झालंय, माझा बूट वेळेवर दिला.

रविवारी ला पास सेंत्रोचा संघ आला. आमचं आणि त्यांचं केसियो कोणाचा चांगला यावरूनही पटत नाही, बेसबॉलचं तर सोडाच. लीगकडून यायचं घड्याळ काही आलं नव्हतं. मग ठरलं की लाउडस्पीकरवरून सेकंद मोजायचे. लाउडस्पीकर पहिल्याच डावात खरखरला आणि बंद पडला. तेव्हा लोकांनी ते काम आपल्या अंगावर घेतलं. सगळं स्टेडियम एका सुरात मोजू लागलं, "पंधरा! चौदा! तेरा!"

आता नागारोतेचे लोक मोजणार, म्हणजे काय होणार हे सांगायला नको. त्यांचा पिचर चेंडू घेऊन उभा राहिला की "पंधराचौदातेराबारा" एका श्वासात संपायचं, आणि आमचा असला की "सहा... साडेपाच... सव्वापाच..." असं निवांत चालायचं. त्यांच्या प्रशिक्षकाने टोपी जमिनीवर आपटली. अंपायर आधी ओरडला, मग हसू दाबायला तोंडावर मास्क ओढून घेतला. दोन्ही पिचर मात्र मोजणी ऐकून असे गांगरले की चेंडूमागून चेंडू फेकत सुटले.

फिलेमोनने शेंगदाण्यांची पुडी सोडली, ती संपायच्या आत पाचवा डाव संपला. सातव्यात विचारायचं असं त्याने सवयीने ठरवलं, आणि मान वर करून पाहतो तर आठवा चालू. थोड्या वेळाने आमचा शेवटचा फटका हवेत उडाला, कोणीतरी झेलला, आणि सामना आटोपला. आम्ही हरलो. चारही वाजले नव्हते. केसियोवाल्या भरलेल्या टोपल्या डोक्यावर घेऊन घड्याळाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. आणि गंमत म्हणजे, कोणी उठेना. रविवारच्या चार वाजता करायचं काय, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दोन्या मेल्बाही उठल्या नाहीत.

"यादेर साडेपाचला येतो," त्या समोर मैदानाकडे बघत म्हणाल्या.

"हो," फिलेमोन म्हणाला. "म्हणजे तुम्हाला थांबावं लागणार. बाहेर उन्हात. वाटलंच होतं मला. या घड्याळापायी बघा..."

"डॉन फिलेमोन."

"काय?"

"तुम्हाला मला काही विचारायचंय का?"

फिलेमोनने टोपी काढली. टोपीच्या आत बघितलं.

"पंधरा," दोन्या मेल्बा म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चौदा."

खालच्या पायरीवर लेओनिदास बसला होता. त्याने मागे वळून एकदा दोन्या मेल्बांकडे बघितलं, एकदा फिलेमोनकडे, आणि न्हाव्याला कळायला जितका वेळ लागतो तितक्याच वेळात त्याला सगळं कळलं. तो उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "तेरा!"

"बारा!" सावलीची बाजू ओरडली. कशासाठी मोजायचं हे निम्म्यांना माहीत नव्हतं, पण दिवसभराची सवय. "अकरा!" उन्हाची बाजू ओरडली.

फिलेमोनचे कान लाल झाले. त्याला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. टोपी, तळवे, ज्वालामुखी, सगळं भीतीचंच. चेंडू आपल्या हातात आहे तोवर तो कोणी फटकावू शकत नाही, हे त्याला विशीतच उमगलं होतं, आणि त्याच एका शहाणपणावर त्याने आयुष्य काढलं होतं. विचारलंच नाही तर ती नाही म्हणणार नाही. शिवाय आब्सालोनची बायको. शिवाय सगळं गाव.

"सहा..." गाव म्हणालं. आपला माणूस आहे हे आता सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. "साडेपाच... सव्वापाच... पाच आणि थोडं..."

दोन्या मेल्बा छत्री टेकून उभ्या राहिल्या आणि सगळ्या स्टेडियमवर खेकसल्या, "सरळ मोजा रे मेल्यांनो! लबाडी नको!"

"चार! तीन!" गाव घाबरून म्हणालं.

"दोन्या मेल्बा," फिलेमोन म्हणाला. आवाज असा फुटला की त्याचा त्यालाच परका वाटला. "घरापर्यंत तुमच्याबरोबर चालत येऊ का?"

स्टेडियममध्ये असा गलका झाला की ला पास सेंत्रोचे खेळाडू बसमधून उतरून बघायला आले. आता पाळी दोन्या मेल्बांची होती. तेव्हा कुठल्यातरी टारगटाने लगेच सुरू केलं, "पंधरा! चौदा!" त्यांनी छत्री उगारली तसा तो बसला.

"घर जवळच आहे," त्या म्हणाल्या.

फिलेमोनचा चेहरा पडला. "हो. तेही खरंच."

"म्हणून म्हणते, जुन्या स्टेशनवरून वळसा घालून जाऊ." त्यांनी रुमाल झटकला, घडी घातली आणि पायऱ्या उतरू लागल्या. "आणि आता सावकाश चाला."