वळणावरची रांगोळी

खर्ड्याच्या रस्त्यावर आमचं गाव आहे. गेल्या वर्षी तिथून सायकलींची मोठी शर्यत गेली. आठवडाभर चालणारी, रोज शे-सव्वाशे किलोमीटर, आणि सायकली हाकणारे सगळे पगारी, निम्मे परदेशी. गावातून ती जाणार होती फार तर दोन मिनिटं. पण आमच्याकडे दोन मिनिटांच्या पाहुण्यालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, आणि मी शाळेतली बाई, म्हणजे स्वागताची जबाबदारी न मागता माझीच.

वरून पत्र आलं होतं: रस्ता मोकळा ठेवावा, जनावरं बांधावीत, कुणी मध्ये येऊ नये. ग्रामपंचायतीपुढे ते मीच मोठ्यानं वाचलं. आणि वाचून झाल्यावर मीच म्हणाले, रांगोळी काढू. रांगोळी कुणाच्या आडवी येते? आमचं घर ख्रिस्ती, माझा रांगोळीचा हात यथातथाच, पण हौस दांडगी. बायकांनी सकाळी डांबरावर शेणाचा सडा टाकला आणि उतारापासून वळणापर्यंत मुठीमुठीनं जाड रांगोळी घातली. सायकली, मोर, तिरंगा. वळणावर जास्त, कारण तिथे फोटो चांगले येणार होते. ती जागा मीच दाखवली. हे लिहिताना स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

पुढचे पाच-सहा जण नीट गेले. मागून मोठा घोळका आला, उतारावर मोटारसायकलच्या वेगानं, चाकाला चाक लावून, प्रत्येकाची नजर पुढच्याच्या चाकावर. शाळेतली पोरं घेऊन आम्ही कडेला टाळ्या वाजवत होतो. वळणावर एकाचं मागचं चाक सरकलं. तो गेला, त्याच्यावर मागचा आदळला, मग आणखी तिघे. भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला, आणि मग एक माणूस ओरडत राहिला.

पहिला पडलेला पोरगा सांगलीकडचा, त्याच्या संघात एकटाच मराठी. त्याच्यावर आदळला तो त्याच संघाचा मुख्य स्वार, परदेशी, ज्याला जिंकवायला बाकीचे राबत होते. दोघांना गाडीत घालून जामखेडला नेलं.

गाडी हलली तशी शेजारची वहिनी माझ्या कानाशी आली. "बाई, रांगूळीवरून सरकला ओ त्यो. म्या बघितलं."

"खराटा आण," मी म्हणाले.

ती पळत घरात गेली. मग सगळ्याच बायका खराटे-बादल्या घेऊन आल्या आणि दहा मिनिटांत आम्ही रस्ता धुऊन काढला. शर्यतीचा अधिकारी चौकशीला आला तेव्हा डांबर ओलं होतं. हे काय, त्यानं विचारलं. "रक्त धुतलं," मी म्हणाले. ते खोटंही नव्हतं. त्यानं मान हलवून लिहून घेतलं. बाकीचे पडलेले मागचे होते. पुढचा आडवा झाला एवढंच त्यांना दिसलं, आणि आधी निघून गेलेल्यांना कुणी विचारलंच नाही. गावात मोबाईल सगळ्यांकडे, पण सगळ्यांनी माणसं टिपली होती, रस्ता कुणाच्याच व्हिडिओत धड नव्हता. सकाळचे रांगोळीचे फोटो ज्यानं त्यानं पुसून टाकले. तेही मीच सांगितलं. पुढे गावभर तेरी भी चुप, मेरी भी चुप.

दुसऱ्या दिवशी मी फळं घेऊन दवाखान्यात गेले. का गेले, ते तेव्हाही सांगता आलं नसतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. पोराची मांडी मोडली होती. त्या गावच्या शाळेतली बाई, स्वागत आम्हीच ठेवलं होतं, एवढंच मी त्याला सांगितलं. त्याचा प्रशिक्षक नुकताच येऊन गेला होता. मुख्य स्वाराच्या खांद्याचं हाड मोडलं, त्याला शर्यत सोडावी लागली, आणि संघाचं म्हणणं की या पोरानं वळण घाईनं घेतलं. दोष रस्त्याचा निघाला तर करार राहील, नाहीतर पाय बरा झाल्यावर दुसरीकडे बघ, असं त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

"बाई, तुमी तिथंच हुता," तो म्हणाला. "रस्त्यावर काय हुतं का? माती, खडी, काय पण? चाक सरकल्यागत झालं मला. ह्याच्या आधी असा कधी पडलो न्हाई."

मला सांगावंसं वाटलं. खरंच वाटलं. मग डोळ्यांपुढे त्या बायका आल्या, नोकरी आली; आणि नोकरी आधी आली, तेही इथे लिहून टाकते.

"नाही रे," मी म्हणाले. "रस्ता स्वच्छ होता."

त्याच्या उशाशी सलाईन ठिबकत होतं आणि मी सफरचंद चिरत होते, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. मला माझीच किळस आली होती.

"मग माझंच चुकलं," तो म्हणाला. आणि त्यानं हात जोडले. "तुमी एवढी तयारी केल्ती बाई. माझ्यापायी पोरांसमोर सगळं इस्कटलं. राग धरू नका."

मी त्याच्या हातांवर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे." त्याला माफ करून मी पाचच्या एसटीनं घरी आले.